प्रोग्राममध्ये राहून गेलेला पैलवान

बारामतीतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी नोकरीला आहे. पुस्तकं द्यायची, परत घ्यायची आणि जी परत येत नाहीत त्यांची वाट बघायची, असं एकंदर काम. मध्यंतरी आमच्या प्राचार्यांना ग्रंथालय मोबाइलवर आणायची हुक्की आली. बाहेरच्या माणसाकडून ॲप करून घेण्यापेक्षा घरचाच माणूस शिकवून तयार करावा, असं ठरलं. घरचा माणूस म्हणजे मी. शनिवार-रविवारी चालणाऱ्या एका खाजगी क्लासात माझं नाव घातलं गेलं, आणि केस पांढरे व्हायला लागल्यावर मी ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंग शिकायला बसलो. शेजारी सगळी माझ्याकडून पुस्तकं नेऊन न आणणारी पोरं.

पहिल्याच रविवारी माझ्या बाजूला बसलेल्या माणसाने कीबोर्ड फोडला.

त्याचे दोन्ही कान दाबून ठेवलेल्या कणकेच्या गोळ्यासारखे झाले होते. मान खांद्यात बुडालेली. बोटं इतकी जाड की एक अक्षर दाबायला जावं तर शेजारची दोन सोबत यायची. ओळीच्या शेवटी एक चिन्ह राहिलं होतं, म्हणून प्रोग्राम चालत नव्हता आणि पडद्यावर लाल रेघ उमटत होती. त्याने ती तीनचारदा नीट बघितली आणि मग कीबोर्डच्या मधोमध मूठ मारली. बटणं उडून पुढच्या रांगेतल्या मुलीच्या केसांत गेली.

सर धावत आले. ‘‘हे इन्स्टिट्यूटचं इक्विपमेंट आहे!’’

‘‘मग त्याला सांगा की नीट बोलायला,’’ तो म्हणाला. ‘‘कुठं चुकलं ते सांगत न्हाय, नुसतं लाल हुतंय.’’

मी त्याला ओळखलं ते आवाजावरून. तो माझ्याच गावचा निघाला, इंदापूर तालुक्यातला, निमगाव केतकीच्या पलीकडचा. त्याच्या बापाचा आवाज हुबेहूब असाच होता. बाप आमच्या भागातला नामांकित पैलवान. गावच्याच आखाड्यात एका कुस्तीत तो मानेवर पडला आणि तेव्हापासून त्याचे हात खांद्याखाली नुसते लोंबतात. सकाळच्या चहापासून रात्रीच्या भाकरीपर्यंत त्याला त्याची बायको भरवते. पोरगाही पुढे पैलवान झाला. मग एका मैदानात त्याच्या गुडघ्याची आतली दोरी तुटली. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, की हा पाय पुन्हा गेला तर जिना चढायचीही खात्री देता येणार नाही. त्याच्या आईने दवाखान्यात नवऱ्याला आणलं, त्याचा निर्जीव हात उचलून पोराच्या हातात दिला आणि म्हणाली, ‘‘ह्यांना भरवते. तुला भरवणार न्हाय. माती सोड.’’

त्याने माती सोडली. वर्षभर घरी बसून भिंतीला मुसंड्या मारल्यावर कुणीतरी सुचवलं की कॉम्प्युटर शिक, त्याला गुडघा लागत नाही. असा तो माझ्या शेजारी आला. मला तात्या म्हणायचा, मी त्याला पैलवान.

आमचे सर टाय लावत. बारामतीच्या उन्हात टाय लावणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आणि काळजी दोन्ही वाटते. त्यांनी शिकवायला सुरुवात केली ती कारपासून. कार हा क्लास, म्हणजे नुसता आराखडा. तुमच्या दारात उभी असते ती प्रत्यक्ष कार म्हणजे ऑब्जेक्ट. वर्गातल्या कुणाच्याच दारात कार नव्हती. सगळ्यांनी माना हलवल्या.

‘‘सर, गाडीचं ऱ्हाऊ द्या,’’ पैलवान म्हणाला. ‘‘पैलवान घ्या की.’’

‘‘बरं. पैलवान हा क्लास. त्यात काय काय असेल?’’

‘‘नाव, गाव, तालीम, वजन. आन् करायचं म्हणाल तर एकच. लढ.’’

‘‘ती झाली मेथड. व्हेरी गुड.’’

‘‘पर वजन उघडं ठेवायचं न्हाय, सर. कुणीबी येऊन बदलंल. स्पर्धेला कमी सांगत्यात, जत्रंला जास्त. काट्यावर चढल्याबिगर आकडा बदलायचाच न्हाय असं करा.’’

सरांचा चेहरा उजळला. ‘‘यालाच एन्कॅप्सुलेशन म्हणतात!’’

‘‘आमी ह्याला लबाडीला लगाम म्हणतो.’’

त्यानंतर आमचा सगळा अभ्यास आखाड्यातच झाला. मातीतला पैलवान आणि गादीवरचा पैलवान हे दोघं मूळ पैलवानापासून तयार झाले. नाव, गाव, वजन त्यांना वरून आयतं मिळालं. लढायची रीत मात्र प्रत्येकाने आपापली लिहून घेतली, कारण मातीतला पाठ लागेपर्यंत लढतो आणि गादीवरचा गुण मोजत. मी बरीच जाड पुस्तकं वाचलेली आहेत. त्यांतल्या पुष्कळशा पुस्तकांपेक्षा मला हे लवकर कळलं. पैलवानाचं शिकणं मात्र मारामारीच होती. प्रोग्राम अडला की तो स्वतःच्या मांडीवर बुक्क्या मारायचा, टेबलाच्या कडेवर कपाळ आपटायचा. एकदा बारामतीच्या स्टँडवर एका दारुड्याने त्याला धक्का देऊन आईवरून शिवी दिली, तेव्हा त्याने दोन्ही हात काखेत कोंबले आणि बस येईपर्यंत तसाच उभा राहिला. ‘‘गुडघा वळंल, तात्या,’’ एवढंच म्हणाला. 

शेवटी प्रत्येकाने एक ॲप करून दाखवायचं होतं. ग्रंथालय बाजूला राहिलं आणि आम्ही दोघांनी कुस्त्यांच्या जोड्या लावणारं ॲप करायला घेतलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जत्रेच्या मैदानात कोण कुणाशी लढणार हे गावचे पंच ठरवतात. पैलवान उघड्या अंगाने समोर उभे राहतात, पंच त्यांच्याकडे नजर टाकतात आणि जोड लावतात. नजरेला भावकी असते, पाहुणे असतात, निवडणूकही असते. त्यामुळे आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी पहिली मारामारी मातीत न होता पंचांच्या टेबलापाशी व्हायची. आदल्या वर्षी एका पंचाच्या डोक्यात खुर्ची बसून टाके पडले होते. तेव्हा यंत्रच जोड लावेल, यंत्राला भावकी नसते, ही कल्पना गावाला पटली. पंचांना तर फारच पटली.

ॲप करताना एक अडचण सारखी यायची. वजनाच्या जवळपासचा दुसरा पैलवान सापडला नाही, की समोर कुणीच नसलेल्या पैलवानाला आमचा प्रोग्राम ‘लढ’ म्हणायचा आणि तिथेच ॲप बंद पडायचं. ‘‘मेलं, तात्या,’’ पैलवान म्हणायचा. दिवसातून कितीदा मरायचं त्याला गणती नव्हती. शेवटी त्याने एक युक्ती केली. तपासणीपुरता एक पैलवान कायम हजर असावा म्हणून त्याने तो थेट प्रोग्रामच्या ओळींतच लिहून टाकला. नाव स्वतःचं, गाव आपलं, वजन आपण लढत होतो तेव्हाचं. बाकीची नावं फोनच्या साठवणीत राहत आणि पुसली की जात. हे नाव पुसायची सोयच नव्हती. नोंदींच्या पानावर ते दिसतही नसे. ॲप उघडलं की तो पैलवान दरवेळी नव्याने तयार होई आणि जोडीदार नसलेल्या कुणाच्याही समोर उभा राहायला मोकळा असे.

‘‘आता मरत न्हाय,’’ तो म्हणाला. आम्ही खाली जाऊन चहा प्यालो. ते नाव नंतर काढायचं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पुढच्या कामांच्या गर्दीत ते दोघांच्याही डोक्यातून गेलं.

जत्रेच्या आधी वेशीवर फ्लेक्स लागला. ‘डिजिटल आखाडा’. त्यावर तालुक्यातल्या एका पुढाऱ्यांचा फोटो सर्वांत मोठा, त्याखालोखाल आमच्या सरांचा टायसकट, आणि ग्रामदैवत कोपऱ्यात, सौजन्य म्हणून जाहिरातदारांची नावं असतात त्या जागी. एलईडीचा पडदा भाड्याने आणला होता. सकाळी देवळापुढच्या पटांगणात कांद्याच्या काट्यावर पैलवानांची वजनं झाली. पैलवान आणि मी खुर्चीवर बसून नोंदी घातल्या. जुन्या नोंदी आधी पुसून पान कोरं करून घेतलं होतं, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो.

एकदा जोड्या लावून बघू द्या, असं मी जत्रा कमिटीच्या अध्यक्षांना म्हणालो.

‘‘आधीच दाबलं तर सायबांनी काय दाबायचं?’’ अध्यक्ष म्हणाले. 

त्यामुळे चार वाजता, भाषणं संपल्यावर, हजारो लोकांच्या देखत, पुढाऱ्यांनी तर्जनी उंच धरून फोटोला वेळ दिला आणि बटण दाबलं. जोड्या थेट पडद्यावर आल्या. टाळ्या झाल्या. फेटा बांधलेला निवेदक माइकवरून एकेक जोड पुकारत गेला आणि शेवटच्या मोठ्या जोडीवर आला. कालव्यापलीकडच्या एका गावचा पैलवान, त्या दिवशीचा सगळ्यांत जड. त्याच्या वजनाचा दुसरा कुणी आलाच नव्हता. ॲपने त्याला जोडीदार शोधून दिला होता. समोर नाव होतं ते माझ्या शेजारी खुर्चीत बसलेल्या माणसाचं.

निवेदकाने ते नाव कर्ण्यावरून पुकारलं, बापाच्या नावासकट, आणि लगेच हलगी वाजली.

आमच्या भागात हलगी वाजली की कुस्ती ठरली. त्यानंतर नाही म्हणायचं तर आखाड्यात उतरून सर्वांसमोर हात जोडावे लागतात, आणि ते जोडलेले हात गाव पुढं वर्षानुवर्षं चघळतं. मी पडद्यापाशी धावलो आणि निवेदकाच्या कानात ओरडलो, की हे नाव चुकून आलंय, हा पैलवान नाही, त्याचा पाय मोडलेला आहे.

निवेदकाने माइक तोंडाशी धरला. ‘‘मंडळी, पैलवानाच्या वतीनं माघारीची विनंती आलेली हाय!’’

समोरच्या बाजूला हशा फुटला. ‘‘माऊस धरून मनगाट गेलं व्हय रं?’’ ‘‘त्येला आधी चार्जिंगला लावा!’’ एकाने त्याच्याकडे चप्पल भिरकावली. पैलवान खुर्चीत बसून राहिला, हात काखेत. मग कुणीतरी मागून बोंब ठोकली, ‘‘बापावानी लुळा व्हईन म्हणून भ्यालंय!’’

तो उठला. मी त्याचा दंड धरला.

‘‘पैलवान, खाली बस. चूक आपल्या प्रोग्रामची आहे.’’

‘‘ती तुमाला ठावं, तात्या. ह्यांनी बापाचं नाव घेतलं.’’

त्याने शर्ट काढून माझ्याकडे टाकला. कुणाचा तरी लंगोट घेतला. गुडघ्याचा पट्टा सोडून तोही माझ्या हातात दिला. आमचे सर इतका वेळ फोटोसाठी उभे होते. ‘‘लाइव्ह डेमो!’’ असं ते शेजारच्याला म्हणताना मी ऐकलं. त्या क्षणी त्यांचा टाय आवळायचं माझ्या मनात आलं होतं. त्या दिवशी माझ्या मनात आलेला तो एकमेव चांगला विचार असावा.

दोघांनी माती एकमेकांच्या अंगावर टाकली, हात मिळवले. पहिल्या झटापटीतच दोघांची कपाळं एकमेकांवर अशी आदळली की आवाज कडेपर्यंत आला. आमच्या पैलवानाची भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरत असताना त्याने समोरच्याच्या मानेवर हाताचा असा तडाखा दिला की तो गुडघ्यावर आला. आमचं गाव उभं राहिलं. पुन्हा उठून दोघं भिडले. नखं पाठीत रुतत होती, माती लाल होतीच, आता ओलीही झाली. वर्षभर टेबलाखाली कोंडलेला माणूस बाहेर आला होता. तो हसत होता, आणि त्याचे दात रक्ताने भरले होते.

समोरच्याला गुडघ्याचं माहीत होतं. सगळ्या भागाला माहीत होतं. तरी तो पायाकडे जात नव्हता. वरच्या वर मान, दंड, कंबर एवढंच धरत होता. ते त्याच्या वस्तादाच्या लक्षात आलं. ‘‘पट काढ! पायाला धर!’’ वस्ताद ओरडत होता. पोरगा ऐकेना. तेव्हा तो म्हातारा सरळ मातीत उतरला आणि पंचांदेखत आपल्याच पैलवानाच्या कानफटात मारून परत गेला. 

मग समोरच्याने पाय धरला. आतल्या आत काहीतरी तुटल्याचा आवाज मी ऐकला असं म्हटलं तर खोटं होईल. हलगी फार मोठ्याने वाजत होती. दिसलं एवढंच, की पाय जिथे वळायचा नाही तिथे वळला. आमचा पैलवान पालथा पडला. आणि तसाच मातीला चिकटून राहिला. मातीच्या कुस्तीत पाठ लागल्याशिवाय हार नसते. समोरचा त्याला उलटा करायला बघत होता, बगलेत हात घालत होता, मान पिळत होता. हा दोन्ही मुठींत माती धरून ओरडत होता, पण पाठ देत नव्हता. पंच वाकून त्याची पाठ बघत होते. पायाकडे कुणीच बघत नव्हतं.

गावातल्या प्रत्येक घरात कर्ण्याचा आवाज जातो. बाईमाणूस आमच्याकडे आखाड्यात येत नाही. त्याची आई आली. पदर खोचलेला, पायात चपला, हाताला पीठ. ती माणसं ढकलत थेट मातीत शिरली, वरच्या पैलवानाचे केस धरून तिने त्याचं डोकं मागे ओढलं आणि चप्पल काढून त्याच्या तोंडावर, मग पंचांच्या तोंडावर, मग हलगीवर मारली. हलगी बंद झाली.

‘‘आखाड्यात पायताण!’’ कुणीतरी किंचाळलं.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. खुर्च्या आल्या, आधी हातात आणि मग हवेतून. मांडवाचे बांबू उपटले गेले. पहिली खुर्ची उडताच पुढाऱ्यांची गाडी निघाली. ज्या पंचाला आदल्या वर्षी टाके पडले होते तो टेबलाखाली घुसला आणि टेबलासकट पळाला. निवेदकाला त्याच्याच फेट्याने आवळून दोघं बुक्क्या घालत होते. एलईडीचा पडदा तोंडावर पडला. माझ्या जबड्यावर काय बसलं ते मला कळलं नाही; समोरचा एक दात त्या मातीत राहिला. सर कुठे होते माहीत नाही. टाय दुसऱ्या दिवशी बाभळीवर मिळाला.

पैलवानाला उचललं ते समोरच्यानेच. नाकातून रक्त गळत असताना त्याने त्याला पाठीवर घेतलं, गर्दीतून दोन लाथा खात गाडीपर्यंत नेलं आणि मागच्या सीटवर ठेवलं. ‘‘काकू, मी धरत नव्हतो,’’ तो आईला म्हणाला. आईने त्याच्याकडे बघितलं आणि दार ओढून घेतलं.

बारामतीच्या दवाखान्यात दुसरं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी सर पुष्पगुच्छ आणि फोटोग्राफर घेऊन आले. सोबत कोर्स पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र होतं, चौकटीत बसवलेलं. आईने गुच्छ हातात घेतला, प्लॅस्टिकचा कागद सोडवून घडी करून ठेवला आणि मग उरलेल्या काड्यांनी सरांना वॉर्डच्या दारापर्यंत झोडपलं. फोटोग्राफरने फोटो काढले. ते कुठे छापून आल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

पोराशी मात्र ती बोलेना. जेवणाचं ताट आणायची आणि पलंगापासून हातभर लांब स्टुलावर ठेवून भिंतीकडे तोंड करून बसायची. पाय लोखंडी पट्ट्यांत अडकलेला. मी ताट सरकवायला उठलो.

‘‘तात्या, बसा खाली,’’ ती म्हणाली. ‘‘हात हायती त्याचे. बापाचे न्हाईत.’’

तो कोपरांवर सरकत, दात खात, ताटापर्यंत पोचायचा. अर्धी आमटी चादरीवर सांडायची. पहिल्या दिवशी तो चिडला आणि त्याने वाटी भिंतीवर फेकली. तिने भिंत पुसली. त्या वेळी दुसरी वाटी आणली नाही.

पट्ट्या निघाल्यावर व्यायाम सुरू झाला. ऑपरेशननंतर गुडघा ताठ होऊन बसतो. तो रोज थोडा थोडा वाकवावा लागतो, नाहीतर पाय काठीसारखा राहतो. वाकवायला येणारी फिजिओथेरपिस्ट चणीने एवढीशी, चष्मेवाली मुलगी होती. आपण कुणाचा पाय हातात धरलाय हे तिला कुणी सांगितलं नसावं. ती पोटरीखाली हात घालायची आणि शांतपणे पाय मागे लोटायची. आखाड्यात पाय वळला तेव्हाही ज्याने हार दिली नव्हती तो माणूस पहिल्याच दिवशी गुरासारखा ओरडला. ‘‘सोडा ओ ताई! पाया पडतो!’’ शेजारच्या वॉर्डातले लोक दारात आले. त्याने तिला शिव्या दिल्या, मला दिल्या, प्रोग्रामिंगला दिल्या. उसळी मारून उठायला लागला तेव्हा त्याची आई भिंतीपासून उठली. उशाशी जाऊन तिने त्याचे दोन्ही खांदे गादीवर दाबले आणि आपलं सगळं वजन त्यावर टाकलं.

मुलगी थांबली. ‘‘मावशी, आज पुरे करू का?’’

‘‘न्हाय,’’ आई म्हणाली. ‘‘त्याला जिना चढायचाय. वाकवा.’’

मुलगी वाकवत गेली. आईचा घाम त्याच्या कपाळावर पडत होता आणि तो तिला नावाने हाका मारत होता, आई नव्हे, नाव. गुडघा काटकोनापर्यंत आला तेव्हा चादर त्याच्या मुठींत दोन्ही बाजूंनी फाटली होती. मुलीने उद्याची वेळ सांगितली आणि ती गेली. आईने फाटलेली चादर त्याच्याखालून ओढून घेतली, तिची घडी घातली आणि शिवून आणते म्हणून पिशवीत टाकली.